दहा झगे, अकरा निळे

आमच्या बॅप्टिस्ट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पंख्याचा रंगसुद्धा मतदानाने ठरतो. थट्टा नाही. तपकिरी की पांढरा यावर एकदा दीड तास चर्चा झाली आणि तपकिरी पंखे सात मतांनी निवडून आले. त्यामुळे मंडळीला साठ वर्षं होताहेत तर इतिहासाचं पुस्तक काढावं आणि ते मी लिहावं, हा ठराव माझ्या पाठीमागे एकमताने मंजूर झाला यात नवल काही नव्हतं. त्या रविवारी मी तापाने फणफणून घरी पडले होते. मी शाळेत गणित शिकवते. इतिहासाशी माझा संबंध एवढाच, की इतिहासाच्या बाई रजेवर गेल्या की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडतो. पण कुणीतरी म्हणालं, तिचं अक्षर बरं आहे, शिवाय तिची आत्या आहेच घरात. झालं, हात वर.

खरं कारण ते दुसरं होतं. आत्या म्हणजे मंडळीची चिटणीस. एक्केचाळीस वर्षं सभासदांचं रजिस्टर तिच्या ताब्यात. ते ती घरी आणत नाही, कपाटाची किल्ली मात्र गळ्यात घालून झोपते. वय त्र्याहत्तर, कणा ताठ, नजर अशी की माझ्या वर्गातली सगळ्यात द्वाड मुलंही तिच्यासमोर शर्ट खोचतात.

बाहेरच्यांना सांगायला हवं, की आमच्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. ज्याला घ्यायचा त्याने कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने मागायचा. मंडळीपुढे साक्ष द्यायची, मंडळीने मत द्यायचं, आणि मग टाकीत उतरून पूर्ण पाण्याखाली जायचं. डोक्यावर चार थेंब शिंपडून भागत नाही. एकदा एका जाडजूड मास्तरांचं कोपर वर राहिलं, तर जुन्या लोकांनी त्यांना पुन्हा बुडवायला लावलं. आणि या सगळ्याच्या आधी आत्याचा प्रश्न असे. प्रश्न एकच.

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

पोरं बिचारी खरं बोलत. "आईने."

"मग आईला पाठव. तू पुढच्या वर्षी ये."

सहा फुटी एक ट्रक ड्रायव्हर "बायको म्हणाली…" एवढं बोलला आणि दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "कुणी नाही. माझा मी आलो." तेव्हा कुठे आत्याने त्याला बाहेरच्या लोखंडी बाकावर बसवलं. मंडळी मत देत असताना उमेदवाराने त्या बाकावर बसायचं असतं. त्यावर बसून घाम न फुटलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दुसऱ्या गावाहून कुणी आला तर त्याच्या आधीच्या मंडळीचं पत्र लागे. एका उत्तम गाणाऱ्या माणसाला तिने पत्र येईपर्यंत सात महिने शेवटच्या रांगेत बसवून ठेवलं. आमचं गायन तेव्हा रडकुंडीला आलेलं होतं, पण आत्या बधली नाही. एवढी कडक, तरी प्रभुभोजनाच्या वेळी मात्र कधी मिरवायला पुढे नसे. भाकर आणि द्राक्षरसाचे इवलाले पेले फिरायला लागले की ती आतल्या मोरीत रिकामे पेले धुवायला उभी. आम्ही म्हणायचो, बघा, मोठेपण असावं तर असं.

पुस्तकाचं पहिलं प्रकरण सोपं होतं, कारण ते सगळ्यांना पाठ होतं. माझे आजोबा शिंपी. त्यांच्या दुकानावरच्या खोलीत मंडळी सुरू झाली. बसायला कापडाचे गठ्ठे, आणि उपदेश करणाऱ्या पाळकांसाठी इस्त्रीचं टेबल. पहिले पाळक दर रविवारी बसने यायचे. चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड, तो काढला तर समोर माणूस आहे की खांब ते कळायचं नाही. थोड्याच महिन्यांनी बाप्तिस्मे द्यायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली, कारण पाणी कुठे होतं? शेवटी मंडळीतल्याच एका रंगाऱ्याने आपला निळीचा हौद तीन दिवस घासून, नवं पाणी भरून दिला. पण पंधरा वर्षं दगडात मुरलेली नीळ तीन दिवसांत जाते होय? पांढरे झगे घालून लोक पाण्यात उतरले आणि आकाशी रंगाचे होऊन बाहेर आले. केस निळे, कान निळे. शेजारच्या फोटोवाल्याने हौदाजवळच फोटो काढला. त्यात अकरा जण निथळत उभे आहेत, आणि अगदी कडेला, सगळ्यात लहान, माझी आत्या, वय तेरा.

त्या अकरांना मंडळी "निळे" म्हणते. निळा असणं म्हणजे आमच्यात सरदारकी. दहा निळे आता देवाघरी गेले. आत्या शेवटची. साठाव्या वर्षी तिला शाल द्यायची आणि मुखपृष्ठावर तोच फोटो छापायचा, हेही मतदानाने ठरलं होतं.

दुसरं प्रकरण बर्फाच्या कारखान्याचं. शिंप्याची खोली पुरेना, तेव्हा बंद पडलेला एक बर्फाचा कारखाना विकायला निघाला. हॉल थोरला, भिंती हातभर जाड, मधोमध भली मोठी टाकी. तो घ्यायचा की नाही यावर मंडळी दुभंगली. विरोधी पक्षाचे पुढारी हरकतकाका. दवाखान्यातले कंपाउंडर. प्रत्येक सभेत "माझी हरकत आहे" म्हणून उभे राहायचे, म्हणून हे नाव. त्यांचं म्हणणं, एकसष्ट माणसांना एवढा हॉल म्हणजे नाकापेक्षा मोती जड, आणि त्या थंड भिंतींनी सगळ्यांना संधिवात होईल. ठराव एकतीस विरुद्ध तीस असा एका मताने पास झाला. अडतीस वर्षं झाली, काका अजून ते एक मत विसरलेले नाहीत. समोर नर्सांचं वसतिगृह झालं, मागे ट्रकचा डेपो आला, हॉल भरला, सभासद चारशेवर गेले. तरी गुडघा दुखला की काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "कारखाना!"

हे सगळं लिहून झालं आणि मला गणिताने दगा दिला.

आजोबांचं शिलाई मशीन आत्याकडे आहे. त्याच्या खणात दोऱ्याची रिळं शोधताना आजोबांची मापांची वही हाती लागली. म्हटलं, वा, पुस्तकात एक पान छापू. त्यात बाप्तिस्म्याच्या झग्यांची मापं होती. उंची, छाती, बाही, आणि पुढे "शिवला" अशी खूण. मी मोजले. दहा. पुन्हा मोजले. गणिताची बाई आहे मी, दहा आणि अकरातला फरक मला कळतो. अकरावं माप होतं, पण त्यावर आडवी रेघ, आणि पुढे आजोबांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: "मुलगी. पुढच्या वर्षी."

मग मी फोटो भिंगाखाली धरला. दहा जणांच्या अंगात झगे. आत्याच्या अंगात फ्रॉक, शाळेचा, चिंब भिजलेला.

आत्या ओट्यापाशी चहा गाळत होती. मी वही पुढे केली. "आत्या, हे 'पुढच्या वर्षी' म्हणजे काय गं?"

तिने गाळणी खाली ठेवली. गॅस बंद केला. बशीने चहा झाकला आणि खुर्चीवर बसली. आत्या दिवसाढवळ्या, काम अर्धं टाकून बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"पाळकांनी मला विचारलं होतं, कुणी पाठवलं तुला," ती म्हणाली. "मी म्हटलं, बाबांनी. ते म्हणाले, मग पुढच्या वर्षी ये."

"आणि फोटो?"

"शेवटच्या माणसाला बुडवताना पाळकांचा चष्मा पडला हौदात. ते चाचपडायला लागले. मला पोहता यायचं, मी फ्रॉकसकट उडी मारली. तळाशी जाऊन चष्मा काढला. वर आले तर मीही निळी. फोटोवाला म्हणाला, उभे राहा सगळे. राहिले. चष्म्याची एक काच तडकलेली. पाळकांनी ओली डोकी मोजली, अकरा. रविवारी यादी वाचली त्यात माझं नाव."

"आजोबा काही बोलले नाहीत?"

"माझ्याकडे बघून हसले नुसते. मीच जाऊन सांगेन म्हणून वाट बघत असणार. दोन वर्षांत गेलेच ते." तिने पदराने टेबल पुसलं. टेबल स्वच्छच होतं. "पहिल्या वर्षी लाज वाटली. दहाव्या वर्षी भीती वाटली. आणि नंतर तर रजिस्टरच माझ्या हातात आलं. आता चिटणीस कुणाकडे जाऊन सांगणार? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ना, ती मी. भिजून कोरडी."

मला ते मोरीतले पेले आठवले. प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं असतं. साठ वर्षं. ती एकदाही भाकर आणि पेला घ्यायला बसली नव्हती, आणि आम्ही त्याला मोठेपण म्हणत होतो.

"आणि मतं?" मी विचारलं.

"हात मोजणाराने हात वर करायचा नसतो, असा नियम मीच काढला, तो का वाटतं तुला? एकदाच मोडला."

"केव्हा?"

"कारखान्याच्या वेळी." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्यात टाकी होती गं. वाटलं, आपलीच टाकी झाली तर एखाद दिवशी धीर होईल."

एकतीसमधून एक गेला की तीस. तीस विरुद्ध तीस. बरोबरी झाली तर आमच्यात ठराव पडतो. मी कपाळावर हात मारला. म्हणजे चारशे माणसं अडतीस वर्षं ज्या हॉलमध्ये बसताहेत तो मुळात घ्यायचाच ठरलेला नव्हता, आणि हे हरकतकाकांना कळलं तर ते त्या दिवशी पेढे… नव्हे, गुडघ्याचं मलम वाटतील.

"आत्या, वही परत खणात टाकू," मी म्हटलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. कोण बघतंय? दहाही निळे गेले."

"म्हणूनच. शाल माझ्या अंगावर पडायच्या आधी सांगायला हवं. तू लिही."

"तुझं नाव खोडतील!"

"खोडू देत," ती म्हणाली, पण तो आवाज माझ्या आत्याचा नव्हता. तिला दुसरं होतं काय? लग्न केलं नाही, टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी केली, आणि उरलेलं सगळं आयुष्य त्या रजिस्टरात घातलं. ते नाव खोडलं गेलं तर ती कोण राहणार होती, हे तिलाही माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर सभा होती. पुस्तकाचा मसुदा वाचून मंजूर करायचा. मी वाचायला उभी राहणार, तोच आत्या उठली. गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि पाच मिनिटांत सगळं सांगितलं. चष्मा, फ्रॉक, पेले, मत. एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. शेवटी म्हणाली, "माझं नाव काढावं. आणि मंडळीला योग्य वाटलं तर मला बाप्तिस्मा द्यावा. मी बाहेर बसते."

आमचे आताचे पाळक तिशीतले. गेल्याच वर्षी आत्याने त्यांचं स्वतःचं पत्र दोनदा परत पाठवलं होतं, शिक्का पुसट आहे म्हणून. मी कागद टाकले आणि आत्याच्या मागे बाहेर गेले.

ती लोखंडी बाकावर बसली होती. हात मांडीवर, आणि हाताला घाम. मी शेजारी बसले. कारखान्याचं दार जाडजूड, पण हवा येत नाही अशी काकांनीच कधीतरी हरकत घेतली म्हणून वर जाळी बसवलेली होती. तिच्यातून सगळं ऐकू येत होतं.

आधी गलका. मग नर्सांपैकी कुणीतरी रडत रडत म्हणाली, "ताईंना कसला बाप्तिस्मा? साठ वर्षं केली ती सेवा पुरे नाही का?" टाळ्या. ट्रक ड्रायव्हरचा आवाज: "ताईंचं नाव आहे तसंच राहू द्या. सूट द्या. मी ठराव मांडतो." पुन्हा टाळ्या, जोरात. दहा जण एकदम अनुमोदन द्यायला उठले असावेत, बाकं करकरली.

मी आनंदाने आत्याचा हात दाबला. तिचा चेहरा बघते तर पडलेला.

"सूट," ती पुटपुटली. "मला सूट देताहेत. लहान मुलीला देतात तशी."

आणि मग आतून तो आवाज आला, अख्ख्या शहरात एकच.

"माझी हरकत आहे!"

अडतीस वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस काकांना आयता मिळाला होता. मी डोळे मिटून घेतले. आता निघणार तीस विरुद्ध तीस.

"सूट कसली देताय?" काका गरजले. "त्या बाईने कुणाला सूट दिली? तुला दिली का रे, ड्रायव्हर? दोनदा घरी घालवला तुला. पाळकसाहेब, तुम्हाला दिली? मला दिली? मला तर तिने तीनदा परत पाठवलं, आणि तेव्हा वाटलं होतं, हिचं नाक कापावं. तिसऱ्यांदा घरी जाऊन विचार केला, की खरंच, कुणी पाठवलं मला? तो विचार केला म्हणून आज मी इथे आहे. आता तिची पाळी आली तर तुम्ही तिला मागच्या दाराने आत घेणार? रीतसर प्रश्न विचारा. रीतसर मत द्या. आणि पूर्ण बुडवा. त्यापेक्षा कमी काही कराल तर माझी हरकत आहे, आणि सभा संपेपर्यंत राहील."

बाकावर आत्या हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती पदर तोंडाला लावून गदागदा हसत राहिली.

"या चारशे माणसांत," ती म्हणाली, "हा एकटा मला ओळखतो."

आत काका पुढे बोलतच होते. "आणि कारखान्याचं ते मत. तेही बाद. ते पुन्हा घ्यायला लागेल." इथे हॉलने एकदम सुस्कारा सोडला. "लगेच घ्या. कोण कोण बाजूने?" चारशे माणसांचे हात वर झाले की कपड्यांची सळसळ होते, ती आम्ही ऐकली. "विरोधात?" पाळकांनी भीतभीत विचारलं. मग काका म्हणाले, "एक. माझा. मी मत बदलत नसतो. लिहून घ्या."

दोन रविवारांनी टाकी भरली. आत्याने झगा स्वतः शिवला, आजोबांच्याच मशीनवर. माप घ्यायला मी होते. वहीत दहाव्या झग्याखाली, त्या रेघ मारलेल्या ओळीपुढे, तिने मला खूण करायला लावली. शिवला.

किल्ली सध्या माझ्या गळ्यात आहे. तो ठरावही माझ्या पाठीमागे झाला, मी बाकावर बसले होते तेव्हा. पण प्रश्न विचारायचं काम मंडळीने काकांना दिलं. ते काठीचा आधार घेत टाकीच्या कठड्यापाशी आले. आत्या पाण्यात, कमरेपर्यंत. टाकीतलं पाणी अजूनही बर्फाच्या कारखान्याला शोभेल असंच असतं.

"कुणी पाठवलं तुम्हाला?" काकांनी विचारलं.

मला क्षणभर तिच्या जागी तो शाळेचा फ्रॉक दिसला.

"कुणी नाही," ती म्हणाली. "माझी मी आले." मग थोडं थांबून, "जरा उशीर झाला."

काकांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. "माझी हरकत नाही," ते म्हणाले. एवढ्या वर्षांच्या इतिवृत्तात हे वाक्य नव्हतं. मी लगेच लिहून घेतलं.

पाळकांनी तिला धरलं, नाव घेऊन मागे झुकवलं, आणि ती पाण्याखाली गेली. वर आली तेव्हा पांढरे केस कपाळाला चिकटलेले, श्वास लागलेला. लोक गाणं सुरू करणार होते. तिने हात वर करून सगळ्यांना थांबवलं, डोळ्यांतलं पाणी पुसलं, आणि पाळकांना दरडावून विचारलं,

"पूर्ण गेले ना? कोपर नाही ना राहिलं वर?"

आणि चारशे माणसं, मत घ्यायची वाट न बघता, एकदम ओरडली, "पूर्ण!"